मानपत्र लिहिण्याआधी

नागपुरात ‘मेडिकल’ एवढंच म्हटलं तरी ऑटोवाल्याला पुरतं. १९४७ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं ते अवाढव्य रुग्णालय. गडचिरोली-गोंदियापासून पार मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या खेड्यांपर्यंतची माणसं इथे उपचाराला येतात. मी इथेच शिकले आणि भूलतज्ज्ञही इथेच झाले. आमच्या आसपासच्या काही बॅचेसनी मिळून एक सत्कार सुरू केला आहे. ज्यानं व्यवसायात नाव कमावलं आणि समाजासाठीही काम केलं, अशा एका माजी विद्यार्थ्याला दर हिवाळ्यात बोलावून मानपत्र द्यायचं. निवड समितीत मी आहे आणि मानपत्राचा मजकूर लिहायचं काम बहुतेकदा माझ्याकडे येतं.

निवडीसाठी एक फॉर्म होता. त्यात दोन रकाने: व्यावसायिक कर्तृत्व आणि समाजकार्य. दोन्हींना वेगवेगळे गुण. वरवर पाहता यात खटकण्यासारखं काही नाही, पण प्रत्यक्षात व्हायचं असं की मोठं हॉस्पिटल चालवून वर्षाला दोन मोफत शिबिरं घेणारा डॉक्टर दोन्हीकडे भरपूर गुण मिळवायचा. तालुक्याच्या गावी राहून ज्याचं रोजचं कामच लोकांसाठी आहे, त्याचं नेमकं काय कुठल्या रकान्यात घालायचं यावर समिती अडायची.

ही अडचण आमच्याच मेडिकलमध्ये यावी याचं मला फार वाईट वाटायचं. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे इथलेच. १९७३च्या डिसेंबरात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि ही दोघं तिथेच काम करत राहिली. मंदाताई माझ्याच विषयातल्या, म्हणून त्या माझ्या जरा जास्त जवळच्या. वीज नाही, रस्ता नाही अशा जागी रुग्णाला भूल द्यायची म्हणजे काय जबाबदारी असते, हे भूल देणाऱ्यालाच कळतं. अभय आणि राणी बंगही इथलेच. राणीताईंनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि त्यातल्या ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग असल्याचं दाखवून दिलं. १९८९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण, असं तोवर धरून चालणाऱ्यांना ती चपराक होती. पुढे १९९९ साली त्याच नियतकालिकात अभय बंगांनी मांडलं, की गावातल्याच प्रशिक्षित बाईनं घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली तर बालमृत्यू किती कमी होतात. ३९ गावांत हे काम झालं आणि तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज देशभर आशा ताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करतात, त्यामागे हे काम आहे. आता सांगा, हे कुठल्या रकान्यात बसवायचं? संशोधन इतकं काटेकोर नसतं तर सरकारनं ते उचललं नसतं, आणि गावात राहिले नसते तर संशोधनच झालं नसतं.

समितीत मी हेच बोलत राहिले. एका वर्षी आमच्यापुढे नाव आलं होतं चंद्रपूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी लॅब चालवणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचं. आम्ही सेकंड एम.बी.ला होतो तेव्हा त्या पॅथॉलॉजीच्या रेसिडेंट होत्या, त्यामुळे आमच्यासाठी त्या अजूनही ‘मॅडम’च. शेजारच्या गावांत त्या सिकलसेलची तपासणी करतात एवढंच फॉर्ममध्ये लिहिलेलं होतं. कोणीतरी म्हणालं, तपासणी तर सरकारही करतं. सरकार करतं हे खरंच आहे. २०२३च्या जुलैत तर सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठरलं. मग मॅडमचं वेगळं काय, हे पाहायला मी एका रविवारी तिकडे गेले.

आश्रमशाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. रॅकमध्ये काचेच्या नळ्या, प्रत्येकीत सोल्युबिलिटी टेस्टचं द्रावण. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब नळीत टाकायचा, हलवायचं आणि थोडा वेळ थांबायचं. मग नळीमागे काळ्या रेघा आखलेला पांढरा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर रक्त बिनधोक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. बस, एवढीच टेस्ट, कोणीही शिकून घेईल.

पण मॅडम तिथे थांबत नव्हत्या. गढूळ नळी एवढंच सांगते की दोष आहे. तो माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस लागतं. वाहक धडधाकट असतो, त्याला औषधाची गरज नसते. रुग्णाला असते. हा फरक न सांगता नुसता ‘पॉझिटिव्ह’ असा कागद हातात दिला की गावात काय होतं हे मॅडमनी पाहिलेलं आहे. तिथे मुलीचं ठरलेलं लग्न मोडतं, सुनेला माहेरी पाठवतात. म्हणून त्या पक्का रिपोर्ट आल्याशिवाय गावात तोंड उघडत नाहीत, आणि आला की एकेकाला वेगळं बोलावून सांगतात. एक आजी सहा महिन्यांच्या आतल्या नातवाला घेऊन आली होती. म्हणाली, ‘‘याचंबी पाहून घ्या ना बाई.’’ मॅडमनी त्याला टोचलं नाही. एवढ्या लहान बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं आणि नळीची टेस्ट फसते. ‘‘आजी, याच्या आई-बाबाले घेऊन या. त्याईचं आधी पाहू, मंग याचं मोठ्या मशीनवर.’’ नातवाचं नाव, आईचं माहेरचं गाव, दोन्हीकडचे नातेवाईक असं सगळं त्यांनी रजिस्टरमध्ये लिहून घेतलं.

ते रजिस्टर मी दुपारी शांतपणे चाळलं. नोंदी माणसागणिक नव्हत्या, कुटुंबागणिक होत्या. प्रत्येक पानावर वंशवेल, गोल आणि चौकोन, अर्धे भरलेले आणि पूर्ण भरलेले. आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के. हे आम्ही सगळे परीक्षेसाठी घोकलं. इथे एका पानावर ते पसरलेलं होतं: कोणाची बहीण कुठल्या गावी दिली, तिची मुलं तपासायची आहेत, कोणाच्या सांध्यांच्या दुखण्याला आतापर्यंत वात समजून लेप लावत होते, कोणाला हायड्रॉक्सियुरिया सुरू केल्यापासून ॲडमिट व्हावं लागलेलं नाही. एका रुग्णावरून पुढचे दहा शोधायची ही पद्धत त्यांनी स्वतः बसवलेली. खऱ्या पॅथॉलॉजिस्टचं डोकं त्यात दिसत होतं आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मानपत्राचा ठरलेला मसुदा मी बरोबर नेला होता. मॅडमनी चष्मा लावून तो वाचला आणि पेन काढलं. ‘निःस्वार्थ’ खोडलं. ‘त्याग’ खोडला. ‘वंचितांची माउली’ तर दोनदा खोडलं.

‘‘अगं, त्याग कसला? लॅब चालते माझी. आठवडाभर पैसे घेऊन रिपोर्ट देते, त्यातूनच रविवारचं रसायन येतं. आणि माउली वगैरे लिहिलंस तर उद्या माझा रिपोर्ट कोणी तपासून पाहणार नाही. तो तपासला गेला पाहिजे.’’

‘‘मग लिहू काय, मॅडम?’’

‘‘वंशवेलीचं लिही. मी गेल्यावर दुसऱ्याला ते रजिस्टर पुढे नेता आलं पाहिजे.’’

निवड मॅडमचीच झाली आणि मी तसंच लिहिलं. नळीच्या टेस्टची मर्यादा, दुसऱ्या टेस्टचा आग्रह, कुटुंबवार नोंदी, रिपोर्ट एकांतात सांगण्याची शिस्त. समितीतल्या एका ज्येष्ठांना मजकूर रुक्ष वाटला. मी अडून बसले. सत्कार करायचा तर कामाचा करावा, आणि काम काय हे सभेतल्या शेवटच्या रांगेलाही कळावं. गुणगानात माणूस देव होतो, आणि देवाच्या कामाची नक्कल करायला कोणी धजत नाही.

समारंभात शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, भाषणं, सगळं रीतीप्रमाणे झालं. मानपत्र मी वाचलं. वंशवेलीच्या ओळी आल्या तेव्हा मागे उभी असलेली रेसिडेंट मुलं पुढे सरकली. चहाच्या वेळी तिघा-चौघांनी मॅडमना गाठलं. त्यातला एक एटापल्ली तालुक्यातला, स्वतःच्या घराण्यात सिकलसेल असलेला. त्याला रजिस्टर कसं आखायचं ते पाहिजे होतं. मॅडमनी चहाचा कप बाजूला ठेवून निमंत्रणपत्रिकेच्या पाठीमागे त्याला चौकोन आणि गोल काढून दाखवले. मग त्यालाच त्याच्या आईच्या बाजूची नावं भरायला लावली.

पुढच्या बैठकीत दोन रकाने काढून टाकायचा प्रस्ताव मी मांडला. त्यांच्या जागी तीन प्रश्न: काम कोणतं, ते कोणत्या पद्धतीनं केलं, दुसरा कोणी ते करू शकेल का. चर्चा लांबली, पण प्रस्ताव मंजूर झाला. समितीतल्या कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन काम पाहिल्याशिवाय मानपत्र लिहायचं नाही, असंही त्याच बैठकीत ठरलं. यंदा आलेल्या नावांत मेळघाटात शाळेतल्या मुलांचे डोळे तपासणारा एक नेत्रतज्ज्ञ आहे. त्याच्या फॉर्ममध्ये मोफत वाटलेल्या चष्म्यांचा आकडा ठळक लिहिला आहे, पण चष्मा मिळालेल्या मुलांपैकी वर्षभरानंतर किती जणांच्या डोळ्यांवर तो होता, हे लिहिलेलं नाही. मी त्याला फोन केला. म्हणाला, ‘‘आहे ना मॅडम, वहीत आहे सगळं. येऊन पाहा.’’ दिवाळीनंतर जाणार आहे.