जाऊन येते

वाचकहो, मुरबाड, शहापूर, भिवंडीकडच्या मंडळींना मी कल्याण काय सांगावे? बाजार समितीत भाजी उतरवायला, कोर्टाच्या तारखेला, लग्नाचा बस्ता बांधायला तुम्ही तिथे शंभरदा गेला असाल. मीही शेतीखात्याच्या नोकरीत निम्मे आयुष्य कल्याणच्या एस.टी. स्टँडवर काढले आहे. पण हे गाव मला नीट दाखवले ते एका जपानी मुलीने, आणि तेही मराठीतून.

झाले असे. आमच्या थोरल्या दादांची मुलगी पुण्यात जपानी भाषा शिकते. तिला तिकडे नोकरीला जायचे आहे. दादा गप्प, आणि वहिनींचा साफ नकार. त्यांचे म्हणणे एकच, "परकी भाषा, परकी माणसं. आजारी पडली तर पोटात दुखतंय हे तरी कुणाला आणि कसं सांगणार?" मी मध्यस्थी करून पाहिली, पण तो प्रश्न काही माझ्याने सुटेना.

गेल्या भाद्रपदात पुतणी गणपतीला गावी आली ती एका मैत्रिणीला घेऊनच. ही मुलगी जपानची, पुण्यात राहून मराठी शिकणारी. चार दिवस आमच्याकडे होती. उंबऱ्याशी चपला काढून नीट ओळीत ठेवल्या, तेव्हाच वहिनींनी तिला अर्धी पास केली. त्यांच्याकडेही घरात पायताण चालत नाही.

पहिल्याच जेवणाला मात्र घोटाळा झाला. त्यांच्याकडे ताटात काही न टाकणे हा यजमानाचा मान. आपल्याकडे ताट रिकामे दिसले की वाढणारा हात थांबत नाही. ती बिचारी संपवते आहे आणि वहिनी वाढताहेत. तोंडावर 'नको' म्हणणे तिच्या वळणात बसत नव्हते. चौथ्या भाकरीला पुतणीने तिला ताटावर आडवा हात धरायला शिकवले, तेव्हा सुटका झाली. शिवाय पाण्याच्या प्रत्येक पेल्याला ती 'धन्यवाद' म्हणे. वहिनी शेवटी म्हणाल्या, "अगं, घरातल्या माणसांना कुणी धन्यवाद म्हणतं का? परकी समजतेस का आम्हाला?" ती गोंधळली. आभार मानले नाहीत तर उद्धट, मानले तर परकी!

दुसऱ्या दिवशी मी तिला बांधावर नेले. भात निसवण्याच्या बेतात होते. मी म्हटले, "यंदा भात चांगला आहे." ती म्हणाली, "काका, भात तर शिजवल्यावर होतो ना?" आपण उभ्या पिकालाही भात म्हणतो, मळणीनंतरच्या साळीलाही भात, आणि ताटातही भातच. मधल्या दाण्याला तेवढा तांदूळ. त्यांच्याकडे पीक म्हणजे 'इने', सालीसकट दाणा 'मोमी', तांदूळ 'कोमे' आणि शिजला की 'गोहान'. गोहान म्हणजे नुसता भात नव्हे, जेवणही. इंग्रजी मात्र या सगळ्याला एकच शब्द लावते. ज्यांच्या घरात जे पिकते त्याला त्यांच्याकडे नावे जास्त, असे ती म्हणाली, आणि मला पटले.

मीही तिला एक गोष्ट सांगितली. 1953 साली आपल्या सरकारने 'जपानी भातशेती पद्धती'ची मोहीम देशभर काढली होती. गादीवाफ्यावर रोपे, बियाणे कमी, ओळीत लावणी, खत भरपूर आणि ओळींतून फिरते हातकोळपे. माझे वडील दोरी धरून लावणी करू लागले, तेव्हा गाव हसले होते म्हणे. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. आपल्या देशाचे नाव आमच्या चिखलात रुजले आहे, याचे तिला फार नवल वाटले.

भाषेबद्दल विचारले तर ती मोकळी बोलली. इंग्रजी ती शाळेत बरीच वर्षे शिकली, पण चूक होईल या लाजेने तोंड उघडले नाही. मराठी मात्र चुलीपाशी बसून आली. कारण एकतर वाक्याची बांधणी जवळची. 'मी भात खाते' याचे जपानी जवळजवळ शब्दास शब्द होते, क्रियापद आपल्यासारखेच शेवटी. आपण 'खाऊन बघ' म्हणतो, तेही 'ताबेते मिरु', म्हणजे खाऊन बघणे, असेच म्हणतात. अडते ते तो-ती-ते यांपाशी. त्यांच्या भाषेत वस्तूंना लिंग नाही. भात तो, भाकरी ती आणि मीठ ते का, याचे उत्तर माझ्या बी.एस्सी.तही नव्हते. ती शब्द एकटा पाठच करत नाही, 'ते मीठ' अशी जोडीच करते. तुमची मुले इंग्रजी, हिंदी काहीही शिकत असोत, ही युक्ती त्यांना जरूर सांगा.

आणखी एक तिला उमगत नव्हते. आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' का? त्यांच्याकडे परक्यासमोर स्वतःच्या वडिलांबद्दल बोलताना आदराची रूपे वापरत नाहीत, आपल्या माणसाला खाली ठेवून बोलायचे. मी 'आमचे वडील म्हणायचे' म्हटले, तेव्हा तिला ती बढाई वाटली होती!

तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "काका, आनंदीबाईंचं कल्याण इथून किती लांब?" आणि एक जुना फोटो काढून दाखवला. 10 ऑक्टोबर 1885 चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातला. तीन विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. डावीकडे लुगड्यातल्या आपल्या आनंदीबाई जोशी, मध्ये किमोनो घातलेल्या जपानच्या केइ ओकामी, उजवीकडे दमास्कसच्या सबात इस्लामबुली. ही मुलगी मराठीकडे वळली ती या फोटोमुळे. आपल्या केइबाईंच्या शेजारी बसलेली ही बाई घरी कोणती भाषा बोलत असेल, एवढाच तिचा पहिला प्रश्न होता.

चौथ्या दिवशी आम्ही सगळे कल्याणला उतरलो. टिळक चौक, पारनाक्याच्या बाजूचे जुने कल्याण पाहिले. वाडे जाऊन इमारती आल्या आहेत, तरी बोळ तेच. आनंदीबाई या गावच्या जोशी घराण्यातल्या. नवव्या वर्षी टपालखात्यातल्या गोपाळरावांशी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि मूल दहा दिवसांत गेले. तिथून डॉक्टर होण्याचा ध्यास. इंग्रजी नवऱ्याने शिकवले, फार कडकपणे. कलकत्त्याहून 7 एप्रिल 1883 ला त्या निघाल्या, 4 जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. नवरा बरोबर नव्हता. ज्या कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या, त्यांना त्यांनी मावशी मानले. परक्या भाषेत राहूनही नाते आपल्या घरचे लावले, हे वहिनींनी दोनदा विचारून घेतले.

केइबाईंची गोष्ट जपानी मुलीने सांगितली. त्या योकोहामाच्या मिशनच्या शाळेत शिकून मुलींना इंग्रजी शिकवत होत्या. दोघींची परीक्षा तिसऱ्याच भाषेत. आनंदीबाई 11 मार्च 1886 ला पदवीधर झाल्या, केइबाई 1889 ला. परतल्यावर केइबाईंनी तोक्योच्या ज्या इस्पितळात काम केले, ते ताकाकी कानेहिरो यांचे. नुसत्या पांढऱ्याशुभ्र तांदळावर जगणाऱ्या जपानी खलाशांना बेरीबेरी होई. ताकाकींनी त्यांचा आहार बदलून तो रोग हटवला. गिरणीत तांदूळ जास्त पांढरा करून मागणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे, असे मी तिथेच म्हणालो. पुतणी म्हणाली, "काका, आज सुट्टी आहे."

वहिनींनी मग विचारलेच, "आणि आपली?" पुतणी थांबून म्हणाली, "आजारी होऊनच परतल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूक झाली होती, पण 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. एकवीस वर्षांच्या होत्या." केइबाई मात्र 1941 पर्यंत जगल्या. बराच वेळ आम्ही कुणी बोललो नाही. मला वाटले, आता दादांच्या घरात हा विषय कायमचा मिटला.

स्टेशनवर पुण्याच्या गाडीला वेळ होता. पुतणी आणखी दोन दिवस राहणार होती, पाहुणी एकटीच निघाली. वहिनींनी तिच्या पिशवीत तांदळाच्या पापडांचा पुडा घातला. ती वाकून म्हणाली, "काकू, जाऊन येते."

वहिनी म्हणाल्या, "ये हं. जाऊन ये." आणि मग, "हे कुणी शिकवलं गं तुला?"

"शिकवलं नाही. आमच्याकडे घरातून निघताना असंच म्हणतात. 'इत्ते किमास्', म्हणजे जाऊन येते. आणि आई दारातून म्हणते, 'इत्तेरास्शाय'. जाऊन ये."

गाडी गेली. परतीच्या एस.टी.त वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. गाव मागे पडले, तरी बोलल्या नाहीत. मग मुलीला म्हणाल्या, "पोटात दुखतंय, हे त्यांच्या भाषेत कसं म्हणतात?"

"ओनाका गा इताई."

"परत म्हण."

मुरबाड येईपर्यंत त्यांनी ते पाच-सहा वेळा म्हणवून घेतले, आणि शेवटी स्वतः म्हणून पाहिले.