झुकलेल्या पंखाला टेकू

रमजान ईदच्या तिसऱ्या दिवशी आमच्या मुलाने दोन वर्षांची ईदी पलंगावर ओतून मोजली. साडेचार हजार रुपये भरले. आठवीतला मुलगा, त्याला रिमोटवर उडणारं विमान हवं होतं. आम्ही दोघं नवरा-बायको खूश झालो. पोरगं मोबाईल सोडून मोकळ्या हवेत येईल, यापरतं काय हवं?

शहरातल्या खेळण्यांच्या दुकानात एक लढाऊ विमान होतं. टोकदार नाक, आखूड पंख, रंग झकास. आम्ही दुकानदाराला दोनच गोष्टी विचारल्या, किंमत आणि उडतं का. शिकणाऱ्याला ते झेपेल का, हा प्रश्न आमच्या डोक्यातही आला नाही.

त्याच दिवशी दुपारी चारला आम्ही गावाबाहेरच्या रिकाम्या खाचरांत गेलो. खाडीकडून वारा सुटला होता. मुलाने विमान भिरकावलं, ते सर्रकन वर चढलं, वाऱ्याने वळून आमच्याच दिशेने आलं आणि बांधावर आपटलं. सगळं मिळून अकरा सेकंद. धाकट्या मुलीने मोबाईलवर चित्रीकरण केलं होतं म्हणून आकडा पक्का ठाऊक आहे. पंख मोडला, पंखा तुटला, नाक चेपलं. आणि आमच्यातल्या एकाच्या, म्हणजे अब्बांच्या, तोंडून निघून गेलं, "पैशाची किंमत कळते का तुला?"

पैसे त्याचे होते, विमान आम्ही निवडलेलं होतं आणि बोलणी त्याने खाल्ली. त्याने तुकडे गोळा केले, बुटांच्या खोक्यात भरून पलंगाखाली सरकवले आणि विमान हा शब्द घरात बंद झाला.

आमच्या शेजारी कुवेतहून नोकरी संपवून परतलेले एक चाचा राहतात. तिकडे सुट्टीच्या दिवशी ते वाळवंटात अशी विमानं उडवायचे, हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं. त्यांनी ते चित्रीकरण तीनदा पाहिलं आणि म्हणाले, "पोराची काही चूक नाही. सायकल शिकायची तर तुम्ही त्याला शर्यतीची मोटारसायकल दिलीत."

मग त्यांनी समजावलं. शिकाऊ विमान दिसायला साधंच असतं. त्याचे पंख धडाच्या वरच्या बाजूला असतात, लांब असतात आणि टोकांकडे किंचित वर उचललेले असतात. त्यामुळे विमान एका बाजूला कललं तर आपोआप सरळ व्हायला बघतं. लांब-रुंद पंख आणि हलकं वजन असलं की विमान सावकाश उडू शकतं, आणि सावकाश उडालं तरच शिकणाऱ्याला विचार करायला वेळ मिळतो. लढाऊ विमानाच्या आखूड पंखांना वेग लागतो. वेग कमी झाला की ते कोसळतं.

सुरुवातीला तीन गोष्टींचं नियंत्रण पुरतं, असं चाचा म्हणाले. मोटरचा वेग, शेपटीचं डावं-उजवं आणि शेपटीचं वर-खाली. पंखांवरच्या हलत्या पट्ट्या नंतर. अंग फोमचं हवं, तेही ईपीपी नावाचं मिळालं तर उत्तम, कारण ते आपटलं तरी दबून पुन्हा वर येतं. पंखा मागच्या बाजूला असला तर नाकावर पडूनही तो वाचतो. हल्ली काही विमानांत तोल सांभाळणारी यंत्रणाही असते. सुटे भाग मिळतात का, हे मात्र विकत घेण्याआधी विचारायचं, कारण मोडतोड होणारच.

"पण आत्ता काहीच घेऊ नका," ते म्हणाले. "पावसाळा तोंडावर आहे. चार महिने घरात उडवू दे."

घरात उडवायचं म्हणजे संगणकावर, सिम्युलेटरवर. इथेही आम्ही चुकणारच होतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर किंवा एक्स-प्लेन यांत आपण वैमानिकाच्या खुर्चीत बसतो. रिमोटच्या विमानाचं तसं नसतं. आपण जमिनीवर उभे आणि विमान दूर आकाशात. त्यासाठी रिअलफ्लाइटसारखे वेगळे सिम्युलेटर असतात. ते विकत घ्यावे लागतात. आमच्या जुन्या संगणकावर चाचांनी पिकासिम हा फुकट मिळणारा सिम्युलेटर घालून दिला आणि स्वतःचा जुना रिमोट वायरने जोडला. कळफलकावर किंवा मोबाईलच्या पडद्यावर बोटं फिरवून हाताला सवय लागत नाही, रिमोटच्या दोन काड्याच हातात हव्यात. मोटरची काडी डावीकडे असलेले आणि उजवीकडे असलेले असे दोन्ही प्रकार मिळतात. ज्यावर शिकाल, त्याच प्रकारचा रिमोट पुढे घ्यायचा.

खरी अडचण तिथेच कळली. विमान दूर जात असतं तेव्हा त्याचं डावं ते आपलं डावं. ते तोंड करून आपल्याकडे यायला लागलं की सगळं उलटं. उपाय सोपा आहे. समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलेला दिसतो, त्याच बाजूला काडी लोटायची, जणू झुकलेल्या पंखाला टेकू देतोय.

आमचा मुलगा मात्र संगणकाकडे फिरकेना. जून गेला, जुलै गेला. एका रात्री पाऊस कोसळत होता आणि आतल्या खोलीतून मोटरची घरघर आली. बघतो तर धाकटी, सहावीतली, विमान उतरवत होती. तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायचं आमच्या मनातही आलं नव्हतं, कारण विमान म्हणजे मुलाचं, असं आम्ही न बोलताच ठरवून टाकलं होतं. ती म्हणाली, "अब्बा, त्या दिवशी भाईजानने काडी उलट्या बाजूला दाबली. विमान आपल्याकडे येत होतं ना? मी चित्रीकरणात पाहिलं. मीपण शंभरदा तीच चूक केली."

दाराशी मुलगा उभा होता. दुसऱ्या दिवसापासून दोघं आळीपाळीने बसू लागली.

भातकापणी झाल्यावर आम्ही शिकाऊ विमान घेतलं. पहिल्याच्या दुपटीहून महाग पडलं, ते पैसे आम्ही घातले. बॅटरीचे नियम भिंतीवर लिहून लावले. लिथियम पॉलिमर बॅटरी फरशीवर ठेवूनच चार्ज करायची, गादीवर कधीही नाही, आणि चार्जिंग चालू असताना कुणीतरी मोठं माणूस जवळ हवंच. ड्रोन नियम, २०२१ चाचांबरोबर बसून वाचले, सरकारी नकाशात आमची जागा तपासली. लोक, गुरं, विजेच्या तारा आणि रस्ता यांच्यापासून लांबचं खाचर निवडलं.

फजरनंतर निघालो, कारण त्या वेळी वारा पडलेला असतो. मुलाने विमान हातात घेतलं आणि बहिणीपुढे धरलं. "तूच उडव," तो म्हणाला, "माझ्याकडून तुटलं तर..." पुढे काही न बोलता त्याने अब्बांकडे पाहिलं.

सात-आठ महिने ते एक वाक्य त्याच्या मनात रुतून बसलं होतं. आम्हाला वाटलं होतं, विसरला असेल.

अब्बांनी पिशवीतून गोंदाची नळी आणि चिकटपट्टी काढून दाखवली. "तुटणारच आहे, बेटा. त्या दिवशी मी चुकीचं बोललो. विमान मी निवडलं होतं."

तो काही बोलला नाही. बहिणीने विमान फेकलं, काड्या त्याच्या हातात होत्या. त्या सकाळी दोघांनी मिळून चार वेळा उडवलं. तिसऱ्या वेळी ते गवतात नाक खुपसून पडलं. तिथेच बसून चिकटवलं आणि चौथ्यांदा उडवलं.

विमान निवडताना काय पाहायचं, हे आता आम्हाला कुणीही विचारावं, आम्ही सांगू. लांब पंख, हलकं अंग, सावकाश चाल, आधी सिम्युलेटर. आणि पिशवीत गोंद विसरू नका. पोरं पहिल्यांदा काही उडवायला निघतात तेव्हा ते पडणारच, हे धरूनच घरातून निघावं.

बुटांचं ते खोकं अजून पलंगाखाली आहे. त्यातली मोटर चालू आहे म्हणे. दोघं मिळून तिच्याभोवती नवं विमान बांधणार आहेत.