भरती किती वाजता?

नवी मुंबईतल्या कळंबोलीत जोराचा पाऊस लागला की बायका एकमेकींना विचारतात, आज भरती किती वाजता? पाऊस किती मिलिमीटर पडला, हा प्रश्न नंतरचा. मी पाटण तालुक्यातल्या डोंगरातली. आमच्याकडे ओढ्याला पूर आला तरी पाऊस थांबल्यावर तो उतरतो, पाणी आपल्या वाटेनं खाली निघून जातं. लग्न होऊन इथल्या अल्प उत्पन्न गटाच्या बैठ्या घरात आले तेव्हा पाणी खालूनही येतं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

ते २६ जुलै २००५ ला कळलं. दुपारी असा पाऊस कोसळत होता की समोरच्या घराचा दरवाजा दिसेना. रस्त्यावर पाणी चढायला लागलं म्हणून मी उंबऱ्याला पोती लावली. पुढची बाजू बंद झाली, आता पाणी आत येत नाही, असं वाटत असतानाच मागं मोरीत गुडगुड सुरू झाली. जाळी आपोआप वर उचलली गेली आणि तिच्या कडेनं काळं पाणी उकळल्यासारखं वर येऊ लागलं. त्याच्या पुढं झुरळं, रांगच्या रांग, भिंतीवर चढत होती. मी मोरीच्या तोंडात जुनी चादर कोंबली, वर पाटा ठेवला. पाटा हलायला लागला. दगडाचा पाटा पाण्यानं हलताना मी पहिल्यांदा पाहिला. मग मात्र लढणं सोडलं. तांदळाचा डबा, रेशनकार्ड, मुलांची दप्तरं माळ्यावर टाकली आणि शेजारी ज्यांनी वर मजला चढवला होता त्यांच्याकडे गेलो. नवरा लोखंड बाजारात अडकलेला, फोन लागत नव्हते.

शेजारणीची आई रोडपाली गावची, आगरी. ती खिडकीत बसून शांतपणे म्हणाली, “आता भरती हाय, पानी कुठं जानार? ओहोटी लागूं दे.” तिला घाबरलेलं मी पाहिलं नाही. रात्री पाऊस चालू असूनही दहाच्या सुमारास जिन्याच्या एका पायरीवरून पाणी खाली गेलेलं कंदिलाच्या उजेडात दिसलं. पहाटे ते परत चढलं. आजीला दोन्ही वेळा आधीच माहीत होत्या.

तिनंच मग पुढच्या दिवसांत मला हिशेब शिकवला. पौर्णिमेला आणि अमावास्येला आपल्या किनाऱ्यावर भर दुपारी बाराच्या आसपास आणि मध्यरात्री पूर्ण भरती असते. तिथून पुढं दर दिवशी पाऊण तास धरायचा. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे पाणी जास्त चढतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास कमी, तो भांग. २००५ ची गुरुपौर्णिमा २१ जुलैला होती. म्हणजे २६ तारखेला पाच पाऊण, पावणेचार. त्या दुपारी मुंबईची भरती खरोखरच चारच्या आसपास होती, ४.४८ मीटरची. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्याला अवघा ७३. ढग एवढ्याशा पट्ट्यात फुटला होता, आणि त्यातला सगळ्यात जोराचा पाऊस नेमका समुद्र भरलेला असताना पडत होता.

कळंबोलीचा बराच भाग उधाणाच्या पातळीपेक्षा सखल आहे. इथं पूर्वी भातखाचरं आणि खाजणं होती. आगरी शेतकऱ्यांनी खाडीच्या कडेला मातीचे बांध घालून खारं पाणी अडवलं, आणि त्या बांधात उघाडी ठेवली. उघाडी म्हणजे लाकडी दार: भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की बंद होतं, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबानं उघडतं आणि शेतातलं पाणी खाडीत जातं. सिडकोनं नवी मुंबई वसवताना हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरलं. पावसाचं पाणी धारण तलावात साठवायचं, खाडीच्या तोंडाला झडपा लावायच्या, ओहोटी लागली की तलाव रिकामा करायचा. सगळी व्यवस्था एका गोष्टीवर उभी आहे: भरतीच्या त्या काही तासांत पडलेलं पाणी मावेल एवढी जागा तलावात असली पाहिजे. म्हणून मला तलावातला गाळ दिसला की पोटात गोळा येतो. तलावांत खारफुटीही उगवली आहे. तिला कायद्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. पण ती सहज काढता येत नसल्यानं गाळाचा प्रश्न सुटत नाही, अवघड होतो.

आणि पाणी फक्त डोक्यावरचंच नसतं. अरबी समुद्रावरची वाफ माथेरानच्या डोंगराला अडते, तिथं धो धो पडते, आणि ते पाणी गाढी नदीतून पनवेलच्या खाडीकडे येतं. इकडं तळोज्याच्या बाजूनं कासाडी येते. कधी आपल्याकडे उघडीप असते आणि खाडी मात्र डोंगरातल्या पाण्यानं भरलेली असते.

निसर्ग वादळाच्या वेळी २००५ च्या उलट झालं. ३ जून २०२०, टाळेबंदीचे दिवस. वादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, ताशी ११० ते १२० किलोमीटर वाऱ्यानं. आमच्या गल्लीत पत्रे उडाले, गुलमोहर मुळासकट पडला. मी सकाळीच कॅलेंडर पाहिलं होतं: वटपौर्णिमेला दोन दिवस, म्हणजे भरती साडेदहाला. वादळ आलं तेव्हा ओहोटी लागलेली होती. मोरी कोरडी राहिली. तेच वादळ तीन तास आधी आलं असतं तर, हा विचार त्या दुपारी मला सोडत नव्हता.

आता मोबाइलवर हवामान खात्याचे ऑरेंज, रेड अलर्ट येतात. २०४ मिलिमीटरच्या वर अत्यंत मुसळधार, हे मुलांनाही पाठ आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० पासून मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या आहेत. अरबी समुद्राकडून येणारे वारे लहरी झाल्यानं जास्त बाष्प एकदम ओतलं जातं. समुद्राची पातळीही चढते आहे. म्हणजे पाऊस आणि भरती यांची गाठ पडण्याची शक्यता आमच्यासाठी वाढतच जाणार.

म्हणून माझं मागणं साधं आहे. कळंबोलीला पावसाचा इशारा देताना त्याच ओळीत भरतीची वेळ आणि उंची द्या. अडीच वाजता शाळा सोडायची की दीडला, तळमजल्यावरच्या म्हाताऱ्यांना वर केव्हा न्यायचं, ट्रक केव्हा बाहेर काढायचे, हे त्या एका वेळेवर ठरतं. तोवर आमच्या गल्लीच्या फळ्यावर मीच लिहिते. जूनच्या पहिल्या आठवड्यात चारही महिन्यांच्या पौर्णिमा-अमावास्या काढते, आगेमागचे दिवस धरते, पाऊण-पाऊण तास मोजते, आणि उधाणाच्या भरत्या लाल खडूनं.