गल्लीचा जाणकार

ग्वाल्हेरला प्रथमच येणाऱ्या पाहुण्यास आम्ही किल्ला दाखवितो, जयविलास दाखवितो आणि शेवटी महाराज बाड्यावर आणून उभे करतो. तेथून ज्या गल्ल्या फुटतात, त्यांत मात्र त्यास सहसा कोणी नेत नाही. वास्तविक आमचे लष्कर त्या गल्ल्यांतच आहे. १८१० साली दौलतराव शिंदे यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. तंबूंच्या जागी दगडी घरे आली, तरी नाव लष्करच राहिले. शितोळे साहब का बाडा, फालके बाजार, आपटे की पायगा ही नावे रिक्षावाला आजही बिनचूक घेतो. मूळ घराणी कोठे गेली हे त्यास ठाऊक असण्याचे कारण नाही.

अशाच एका गल्लीतील आमचे वडिलोपार्जित घर गेल्या वर्षी विकावयास काढले. धाकटे बंधू पुण्यास स्थायिक झालेले, माझी निवृत्ती जवळ आलेली आणि माडीवरच्या पाटिया पावसाळ्यात गळू लागलेल्या. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रसंग येऊन गेला असेल, म्हणून आमचा अनुभव सांगण्याचे धाडस करतो.

प्रथम आम्ही नव्या वसाहतीतील एका दलालास बोलाविले. माणूस सभ्य, कार्यालय वातानुकूलित. त्याने फीत लावून लांबीरुंदी घेतली, घर पाडण्याचा खर्च वजा केला आणि अर्ध्या तासात आकडा सांगितला. त्याच्या दृष्टीने तो केवळ एक भूखंड होता. पूर्वेकडील भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे, त्यांच्या मोरीचे पाणी आमच्या बोळातून जाते, पाडकाम करावयाचे तर त्यांची संमती हवी, यांपैकी काहीही त्याने विचारले नाही. ही माहिती खरेदीदारास पुढे कळली असती आणि विसार परत मागण्याची पाळी आली असती.

मग दौलतगंजच्या बाजूस एका दुकानाच्या फळीवर बसणारे एक वृद्ध गृहस्थ आले. दोन पिढ्यांची दलाली. हाती फीत नव्हती. ओसरीवर बसून चहा घेताना त्यांनी पहिला प्रश्न केला, “मास्टरसाहब, बुआजी के दस्तख़त हो जाएँगे न?” मी चपापलो. आजोबा १९६१ साली मृत्युपत्र न करता वारले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने त्यांच्या मिळकतीत आत्याचाही वाटा होता. पुढे महापालिकेत नामांतरण केवळ वडिलांच्या नावे झाले आणि आम्ही तेच सर्वस्व मानून बसलो. नामांतरण हे कर आकारण्यापुरते असते, त्याने मालकी ठरत नाही, हे शिकलेल्या मुख्याध्यापकास गल्लीतल्या माणसाकडून कळावे! आत्या लग्न होऊन नागपूरला गेल्या, त्या दिवशी मांडवात पाणी वाढणाऱ्या मुलांत हे गृहस्थ होते. अशी नोंद कोणत्या दप्तरात सापडणार?

येथवर वाचून कोणी म्हणेल, गल्लीचा दलालच खरा. मीही तसेच म्हणत होतो. परंतु त्यांनी आणलेले गिऱ्हाईक म्हणजे ज्यांचे कोठार आमच्या पाठीस लागून आहे ते व्यापारी, आणि दलाली दोहोंकडून घ्यावयाची होती, ही गोष्ट आम्हांस तिसऱ्या बैठकीत, तीही अन्य मार्गाने कळली. सुचविलेली किंमत व्यापाऱ्यांच्या सोयीची होती. आम्ही घर विकून जाणार. व्यापारी मात्र त्यांना रोज भेटणार. गल्ली जाणणारा माणूस गल्लीचाही असतो.

हा केवळ लष्करचा दोष नव्हे. शिकागो परिसरातील घरविक्रीचा लेविट व सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. दलाल स्वतःचे घर विकताना ते सरासरी साडेनऊ दिवस अधिक थांबतात आणि सुमारे ३.७ टक्के अधिक किंमत मिळवितात, असे त्यात दिसून आले. परक्याच्या घरासाठी थांबून त्यांच्या पदरात फारसे काही पडत नाही. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने नोंदणीकृत गृहप्रकल्पांत विक्री करणाऱ्या दलालांना नोंदणी सक्तीची केली. शंभर वर्षांच्या घराची फेरविक्री त्या चौकटीत येत नाही. तेथे आपली सावधगिरी हाच आपला कायदा.

बंधूंचे म्हणणे, या गृहस्थांना निरोप द्यावा. मला ते पटले नाही. मी त्यांना बोलावून स्पष्ट सांगितले: दलाली दोन्हीकडून घ्या, पण उघडपणे घ्या, वहिवाट, भिंत, शेजार हे तुम्ही पाहा, किंमत आम्ही बोलू. ते क्षणभर दुखावले, मग हसले. कागद वकिलाने तपासले. खरेदीखतांची नोंदवही शुल्क भरून कोणासही पाहता येते. त्या आधारे गल्लीतील अलीकडचे तीन व्यवहार मी पाहिले. कागदावरची किंमत खरी असतेच असे नाही, म्हणून दोन शेजाऱ्यांनाही विचारले. व्यापारी अखेर चार लाखांनी वर आले. सामाईक भिंतीचा करार त्या वृद्ध गृहस्थांनी एका संध्याकाळी जुळवून दिला. ते काम माझ्याने वर्षभरात झाले नसते.

जाणकाराची गरज आहेच. मात्र तो काय जाणतो याबरोबर तो कोणाचा आहे, हेही आपण विचारले पाहिजे; आणि हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा, तिसऱ्या बैठकीपर्यंत थांबू नये.

पंच्याऐंशी वर्षांच्या आत्या सहीसाठी नागपूरहून आल्या. वाटा घेण्यास त्या तयार नव्हत्या. आम्ही आग्रह केला, तेव्हा म्हणाल्या, “पैसे ठेवीन. पण इतकी वर्षे कोणी विचारले नाही, ते आज विचारलेत.” हे शब्द माझ्या मनातून जात नाहीत. आम्हांस तो प्रश्न सुचविला होता दुकानाच्या फळीवर बसणाऱ्या एका दलालाने.