राखाडी बर्फाचा फोटो

आमच्या मोडनिंबच्या घरात हिमालय पहिल्यांदा आला तो फोटो स्टुडिओच्या पडद्यावरून. मी चार वर्षांचा, अण्णांच्या मांडीवर, अंगात नवा सफारी. मागे निळं तळं, पांढरीशुभ्र शिखरं आणि कडेला उतरत्या छपराचा एक बंगला. ते स्वित्झर्लंड असणार, पण घरात सगळे त्याला हिमालयच म्हणायचे. पुणे-सोलापूर हायवेनं टेंभुर्णी सोडली की मोहोळपर्यंत नजरेला अडवेल असं फारसं काही येत नाही. पाण्याची टाकी, कारखान्याचं धुराडं, मोबाईलचा टॉवर. असल्या मुलखात पोराला बर्फाचं शिखर दाखवायचं तर पडदाच लागतो.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मी गंगोत्रीहून गोमुखला चालत गेलो. खरं तर जायचं अण्णांना होतं. आजीच्या देव्हाऱ्यात गंगेचा गडू असायचा, तोंडाला डाख लावून बंद केलेला. लहानपणी अण्णा तो कानाशी धरून हलवायचे, आत पाणी वाजायचं. हे पाणी निघतं कुठून, ते डोळ्यांनी बघायचं, एवढी एकच इच्छा त्यांनी आयुष्यभर बोलून दाखवली. डाळिंबाची बाग, तेल्या, बोअर, बँक यातून सवड मिळेपर्यंत साठी उलटली आणि मग अँजिओप्लास्टी झाली. गंगोत्री गावच समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या वर आहे, गोमुख तर चार हजारांच्या आसपास. डॉक्टरांनी मान हलवली. त्या दिवशी दवाखान्यातून येताना अण्णा गाडीत काही बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "तू जा. फोटू आण. पन खरं आण."

हे 'खरं' काय, ते मला माहीत होतं. अण्णा रोज सकाळी उजनीची टक्केवारी बघतात. आमच्याकडे धरण उन्हाळ्यात 'वजा'त जातं, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागतो. पाणी फार उतरलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडतं आणि लोक फोटो काढायला धावतात. मी कॉलेजात असताना एकदा अण्णा मला मोटरसायकलवरून तिकडे घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर त्याच देवळाचा फोटो फिरत आला. आभाळ जांभळं, दगड सोनेरी, खालचा चिखल कापून टाकलेला. अण्णांनी तो लांब धरून बघितला आणि म्हणाले, "पानी कुठवर आलंय तेच दिसंना. मग फोटू कशाला काढला?"

तेव्हा माझं काम सोपं नव्हतं. ऑफिसातले दोन मित्र बरोबर होते, त्यांना रील करायची होती. मला एका माणसाला समाधान द्यायचं होतं, आणि तो माणूस लाइक देत नाही.

गंगोत्री ते चिरबासा नऊ किलोमीटर, भोजबासा चौदा, गोमुख अठरा. दिवसाला दीडशे लोकांनाच परवाना मिळतो. कनखूच्या चौकीवर आपल्याकडचं प्लास्टिक मोजून घेतात. वाट भागीरथीच्या काठानं, चढ सोसण्यासारखा. सह्याद्रीत गुडघे मोडून घेतलेल्याला तो अवघड वाटत नाही. दमवते ती हवा. वीस पावलं टाकायची आणि फोटो काढायच्या निमित्तानं थांबायचं. माझे निम्मे फोटो असल्या निमित्ताचेच आहेत. चिरबासाला झाडी आहे, पुढे ती सरत जाते. भोजबासा नाव भूर्जवृक्षांवरून पडलं, पण जळणापायी तिथले भूर्ज जवळजवळ संपले होते. नंदादेवीवर चढाई केलेल्या हर्षवंती बिष्ट यांनी तिथं पुन्हा रोपं लावायला घेतली. कुंपणाआडची ती रोपं बघताना मला आमच्या गायरानातलं वृक्षारोपण आठवलं. तिथं दरवर्षी खड्डे तेच असतात, रोप फक्त नवं.

गंगोत्रीत आणखी एका माणसाची आठवण निघते. स्वामी सुंदरानंद. मूळचे आंध्रचे, १९४८ मध्ये गंगोत्रीला आले आणि तिथेच राहिले. संन्यासी माणूस, पण गळ्यात कॅमेरा. हिमालयाचे लाखभर फोटो काढले, त्यातल्या निवडक फोटोंचं जाडजूड पुस्तक २००१ मध्ये निघालं. डिसेंबर २०२० मध्ये ते गेले. त्यांच्या शिखरांच्या फोटोंना लोक देवदर्शन म्हणतात, म्हणोत बापडे. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. एक माणूस पन्नासहून अधिक वर्षं एकाच दरीत फोटो काढत राहिला. ग्लेशियर मागे सरकतोय हे सांगायला त्यांना कुणाचा अहवाल उघडावा लागत नव्हता. आपण चार दिवसांसाठी जातो आणि 'अनटच्ड' असं लिहून मोकळे होतो.

आता थोडं तांत्रिक. बर्फाचा फोटो काढताना कॅमेरा फसतो. समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम राखाडी आहे असं त्याचं मीटर धरून चालतं. पांढऱ्यानं भरलेली फ्रेम दिली की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो बर्फ मळका करून टाकतो. म्हणून एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वर न्यायचं, हे कुठल्याही यूट्यूब व्हिडिओत सांगतात. मोबाईल हे आपलं आपणच करतो, वर आभाळही आणखी निळं करून देतो. थंडीत बॅटरी भराभर उतरते, ती रात्री झोपताना अंगाशी घ्यायची. भोजबासाला संध्याकाळी भागीरथी शिखरांवर ऊन पडलं, तेव्हा हे सगळं कामी आलं. तिन्ही शिखरं साडेसहा हजार मीटरच्या आसपासची, अंधारलेल्या दरीच्या टोकाला पेटल्यासारखी. तो फोटो मी टाकला, भरपूर लाइक आले. सुंदर आहेच तो.

गोमुखला मात्र ही सगळी युक्ती उलटी पडते, कारण तिथला बर्फ खरोखरच राखाडी आहे.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आम्ही पोचलो. बर्फाचे तुकडे तुटून पडतात म्हणून अंतर राखून थांबावं लागतं. समोर जे होतं ते आमच्या भागातल्या खडी क्रशरसारखं दिसत होतं. दगड, माती, धूळ आणि त्याखाली मळकट भिंत. जिथं ताजा तुकडा तुटला होता तिथं तेवढी निळसर जखम. वर्षानुवर्षं दाबला गेलेला बर्फ उजेडातला तांबडा भाग गिळतो आणि निळा परत देतो, म्हणून तो रंग. खालून भागीरथी निघत होती, ताकात राख कालवल्यासारखी. तीस किलोमीटर लांबीचा ग्लेशियर खालचा खडक जात्यासारखा दळत येतो, त्या पिठाचा हा रंग. माझ्या मित्रानं मोबाईल खिशात ठेवला. "एवढं चालून हे?" म्हणाला. शिवलिंग शिखर बाजूला उभं होतं, पांढरं, टोकदार, पडद्यावरच्यासारखं. सगळे कॅमेरे तिकडे वळले.

मी भिंतीचे फोटो काढले, एक्स्पोजर वर न नेता. पहिल्या काहींमध्ये ती भिंत आमच्या ओढ्याच्या दरडीएवढी वाटत होती, कारण डोंगरात मापच लागत नाही. म्हणून लाल जाकीटवाल्या मित्राला पुढे, परवानगी होती तिथवर उभं केलं. फ्रेममध्ये तो ज्वारीच्या दाण्याएवढा झाला आणि भिंत एकदम वाढली.

या तोंडाचा नकाशा १९३५ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या जे. बी. ऑडेन यांनी केला होता. (कवी ऑडेन यांचे हे थोरले भाऊ.) नंतर त्यावर मापं येत गेली. नासाचं २००१ सालचं एक उपग्रहचित्र आहे, त्यावर १७८० पासून तोंड कुठकुठे होतं त्या रेषा काढल्या आहेत. त्या चित्राच्या आधीच्या पंचवीस वर्षांत ग्लेशियर ८५० मीटरहून जास्त मागे गेला होता. साधारण आमच्या वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतचं अंतर. मी उभा होतो तिथे आजीच्या लहानपणी बर्फ असणार.

घरी आल्यावर टीव्हीला मोबाईल जोडून सगळे फोटो दाखवले. भागीरथीच्या सोनेरी शिखरांना आई "अगं बाई" म्हणाली. अण्णा गप्प होते. राखाडी भिंत आली तसे खुर्चीतून पुढे झाले.

"ह्योच का?"

"हो अण्णा. इथूनच निघते."

"आन् ही बारकी लाल खूण?"

"माणूस आहे तो."

मग बराच वेळ ते टीव्हीजवळ उभे राहून बघत होते. दगडमाती जाड आहे का पातळ, त्यांनी विचारलं. मी वाचलेलं सांगितलं. पातळ धूळ ऊन ओढून घेते, तिथं बर्फ लवकर वितळतो. जाड थर असला की खालचा बर्फ वाचतो. अण्णांना यात नवल वाटलं नाही. "पाचटाचं आच्छादन," ते म्हणाले. "जाड टाकलं तर खालची वल टिकती. पातळ टाकून उपेग न्हाई." आमच्या ऑफिसातल्या एकालाही हे मला इतक्या कमी शब्दांत समजावता आलं नव्हतं.

"मे म्हैन्यात पानी कमी होत आसंल?"

"उलट वाढतं. ऊन वाढलं की बर्फ वितळतो."

ते हसले. "म्हंजी त्येंचं धरान उन्हाळ्यात सुटतंय, आन् आपलं उन्हाळ्यात वजा." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "पन भरनी कमी आन् सुटतंय जास्त, आसं किती दिवस चालायचं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. भीमेच्या मागे बर्फ नाही, भीमाशंकरचा पाऊस आहे. वर्ष हुकलं तर पुढच्या वर्षी भरेल एवढी तरी आशा असते.

आत जाऊन त्यांनी चष्मा आणला. "तू उभा कुठं व्हतास?"

फोटोच्या मेटाडेटात जागा नोंदलेली असते, वेळही असते. ते मी दाखवलं. एका पट्टेदार मोठ्या दगडावर उभा होतो, त्या दगडाचाही फोटो होता. अण्णांनी मान हलवली. त्यांचा बांधाचा वाद अकरा वर्षं चालला, हद्दीचा दगड कसा सरकतो हे त्यांना कुणी सांगायला नको.

"दगूड ऱ्हातोय का तिथं? ग्लेशरच सरकतंय म्हंतोस. दोन खुना बघ, लांबच्या. मागचा कडा आन् त्येच्यावरचं शिखर एका रेषेत धर. मोजनीवाले धरत्यात तसं."

फोटोत डाव्या बाजूच्या कड्याला एक उभी भेग आहे आणि तिच्या बरोबर वर मागच्या धारेचा खाचा येतो. उजवीकडेही तशी एक जोडी सापडली. आम्ही दोघांनी टीव्हीसमोर बसून त्या शोधल्या, तोवर आईनं जेवायला दोनदा हाक मारली.

येत्या ऑक्टोबरात ऑफिसातली दुसरी एक टोळी गोमुखला निघाली आहे. त्यांना मी लोकेशन पाठवलंय, दोन्ही रेषा आखलेला फोटो पाठवलाय, आणि लिहिलंय की अकरा वाजता काढा, आभाळ कसंही असो, एडिट करू नका. लाल जाकीट घालून जा, हे अण्णांनी सांगितलं म्हणून नंतर वेगळा मेसेज केला.