स्टँडअपच्या आधीचा डोंगर

मंडळी, आमच्याकडे सध्या एकच विषय चालू आहे. पुण्यात फ्लॅट घ्यायचा, की सरळ पुणं सोडायचं? बँक वीस वर्षांचं कर्ज द्यायला तयार आहे. बिल्डरचा माणूस रोज फोन करून 'सर, स्कीम संपत आली' म्हणतोय. आणि बायकोने महिनाअखेरची मुदत दिली आहे. आता इंजिनियर माणूस अशा वेळी काय करणार? एक्सेल उघडलं.

आम्हा दोघांनाही डोंगराचं वेड (आमचं लग्नच मुळी राजगडाच्या ट्रेकमध्ये जमलं!), त्यामुळे पहिली अट डोंगर आणि दुसरी अट खिसा.

आता पुण्याला डोंगर नाहीत असं कोण म्हणेल? सिंहगड, राजगड, तोरणा, लोहगड... यादी संपत नाही. पण आम्ही राहतो हिंजवडीला. इथून सिंहगड म्हणजे आधी अख्खं शहर ओलांडा, मग डोंगर. गेल्या वर्षी मी हिशोब ठेवला होता. ५२ वीकेंडपैकी डोंगरावर गेले १४. बाकीचे रिलीज, लग्नं आणि झोप यांत गेले. रोजच्या फिरण्याला वेताळ टेकडीसारखी जागा नाही, पण तिच्या आसपासचे भाव ऐकले की खाली बसायला होतं. थोडक्यात, जिथे टेकडी आहे तिथलं घर परवडत नाही आणि जिथलं परवडतं तिथे टेकडी नाही.

मग मी एक्सेलमध्ये एक नवा कॉलम टाकला. सकाळी सहाला घरून चालत निघालो, तर डोंगर चढून-उतरून, आंघोळ करून साडेनऊच्या स्टँडअपला हजर होता येईल का? उत्तर फक्त हो किंवा नाही. कारण वीकेंड वर्षाला ५२, पण सकाळी ३६५!

नाशिक वीकेंडच्या परीक्षेत सगळ्यांना मागे टाकतं. ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहरच्या त्या कातळातल्या उभ्या पायऱ्या. राज्यातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) पुण्यापेक्षा नाशिकहून कितीतरी जवळ. सर्वात उंच किल्ला साल्हेर (१५६७ मीटर) तर नाशिक जिल्ह्यातलाच. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तोही आहे. पण रोज सकाळचं काय? पांडवलेणी आहेत, पण त्या बाजूला राहिलात तरच.

आणि मग सातारा. इथे शहरच अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेलं आहे. गावातून चालत निघालं की रमतगमत पाऊण-एक तासात माथा. दुसरीकडे यवतेश्वरचा घाट, तो चढून गेलं की कास पठार, २०१२ पासून जागतिक वारशात असलेलं. शिवाय सज्जनगड. आम्ही बघितलेल्या दोन बेडरूमच्या घराचं भाडं हिंजवडीच्या निम्म्याहून कमी निघालं. कॉलममध्ये ठसठशीत 'हो'.

आता दुसरी बाजू. साताऱ्यात आमच्या कामाच्या नोकऱ्या जवळजवळ नाहीत. आज दोघांचंही काम घरून चालतं, उद्या एचआरची एक मेल आली की संपलं. पुणं ११० किलोमीटर आणि मध्ये खंबाटकी घाट. रोज यष्टीने ये-जा करणं कुणालाच झेपणार नाही. मोठं दुखणं निघालं तरी पुण्याकडेच धाव घ्यावी लागणार. आणि मित्रमंडळी सगळी इकडे.

ही भीती खरी आहे, म्हणून तिचाही हिशोब केला. फ्लॅट घेतला तर डाउन पेमेंटमध्ये बचत जाते. त्यानंतर दोघांपैकी एकाची जरी नोकरी गेली तरी तीन महिन्यांत गळ्याशी येतं. साताऱ्यात भाड्याने राहिलो तर तीच बचत दोघांनाही घरी बसून वर्षभर पुरते. म्हणजे जिथे नोकऱ्या कमी, तिथे राहून नोकरीची भीती कमी होते. मला स्वतःला हे गणित दोनदा तपासावं लागलं.

तर ठरलंय असं: फ्लॅट रद्द, साताऱ्यात एक वर्ष भाड्याने. पावसाळ्यासकट. विकत काहीच घ्यायचं नाही. डोंगर पोखरून काढलेला 'व्हॅली व्ह्यू' प्लॉट तर मुळीच नाही. आपल्यासारखेच लोक डोंगर आवडतो म्हणून तिथे जातात आणि त्यावरच बंगले बांधतात, त्यात आपली भर नको.

तुम्हीही घर बघत असाल तर हा कॉलम टाकून बघा. डोंगराऐवजी समुद्र, नदी, सायकलचा रस्ता, काहीही चालेल. फक्त वीकेंडला नाही, कामाच्या दिवशी मोजा.

आईला मात्र हे अजून पटलेलं नाही. "लोक साताऱ्याहून पुण्याला येतात, आणि तुम्ही दोघं उलटे निघालात," असं ती येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतेय. असो. सध्या खोकी गोळा करतोय, कुणाकडे असतील तर कळवा!