राक्षसाच्या गावात टू बीएचके

गेल्या विकांताला भाचा राहायला आला होता. बारावीची परीक्षा संपलेली, प्रवेश अजून व्हायचाय, त्यामुळे सध्या त्याचा पूर्णवेळ व्यवसाय म्हणजे लोळणे. शनिवारी दुपारी आमरस हाणून आम्ही दोघंही हॉलमध्ये आडवे झालो होतो आणि पंख्याकडे बघत त्याने प्रश्न टाकला, "मामा, अटॅक ऑन टायटनच्या जगात राहणं जास्त बेक्कार की अ क्वाएट प्लेसच्या? एक निवडायलाच लागेल."

अशा वेळी शहाणा माणूस "झोप आता" म्हणतो. मी उठून लॅपटॉप आणला आणि एक्सेल उघडलं. काय करणार, हापिसची सवय. झोप, जेवणखाण, मुलंबाळं, म्हातारी माणसं, आवाज, पळायला जागा, आधी सूचना मिळते का, आणि मेल्यावर काय, असे आठ कॉलम. प्रत्येकाला दहापैकी मार्क. जास्त मार्क म्हणजे जास्त वाईट.

(ज्यांना हे दोन्ही अजून बघायचंय त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळा रहस्यभेद आहे. नंतर शिव्या घालू नका.)

आधी बाकीचे उमेदवार पटापट बाद केले. गॉडझिला १९५४ पासून टोकियो तुडवतोय, पण तो येतो, तुडवतो आणि समुद्रात परत जातो. म्हणजे आपल्याकडच्या पावसासारखंच, रस्ते वाहून गेले की पुन्हा टेंडर. वॉकिंग डेडमध्ये झॉम्बी निदान हळू चालतात. तुंबाडचा हस्तर भयानक खराच, पण त्याच्याकडे आपण हावरटपणाने जातो, तो आपल्या सोसायटीत येत नाही. भाच्याने नियमच केला, राक्षस आपल्याकडे आला पाहिजे. उरले दोनच.

क्वाएट प्लेस हा जॉन क्रासिन्स्कीचा २०१८ चा सिनेमा. परग्रहावरून आलेले प्राणी, डोळे नाहीत, पण कान असे तिखट की जरा आवाज झाला की सेकंदात येऊन माणूस फाडतात. त्या कुटुंबातली सगळी अनवाणी चालतात, वाटेवर वाळू टाकतात, खाणाखुणांनी बोलतात. सुरुवातीलाच सगळ्यात धाकटा मुलगा एका आवाज करणाऱ्या खेळण्यापायी जातो. आणि मग आईला दिवस गेलेले. बाळासाठी त्यांनी काय करून ठेवलंय, तर झाकणाची पेटी आणि ऑक्सिजनचा मास्क. रडलं तर पेटीत ठेवायचं. बायकोने हा सिनेमा तिथेच बंद केला होता. मी नंतर एकट्याने पूर्ण पाहिला.

आता आमच्या घराचं ऑडिट करू. कुकरच्या तीन शिट्ट्या. मिक्सरमध्ये चटणी. आईचं फोनवर बोलणं, तेही कोल्हापूरला मावशीशी, म्हणजे फोन नसता तरी पोचलं असतं. सकाळी सहाला कचऱ्याच्या गाडीचं गाणं. आणि रात्री मी. "तुझ्या घोरण्याने पहिल्या रात्रीच सगळी बिल्डिंग जाईल," इति बायको, आतल्या खोलीतून. झोपेच्या कॉलममध्ये दहापैकी दहा तिथल्या तिथे पडले.

भाचा म्हणाला, धबधब्याशेजारी राहायचं. सिनेमात आहे तसं. बाप मुलाला धबधब्यापाशी नेतो, कारण पाण्याच्या आवाजात आपला आवाज लपतो, तिथे पोटभर ओरडता येतं. मग सगळ्यांनीच तिथे घर का नाही बांधलं? प्रश्न रास्त आहे. पण आपल्याकडे धबधबा म्हणजे चार महिन्यांचा भाडेकरार. दिवाळीनंतर माळशेजला जाऊन कशाच्या आडोशाने ओरडणार?

एक मात्र आपल्या बाजूने आहे. त्या प्राण्यांना मारण्याची युक्ती सापडते ती थोरल्या मुलीमुळे. तिला ऐकू येत नाही, कानामागे यंत्र बसवलेलं आहे (ती भूमिका करणारी मिलिसंट सिमंड्स खरोखरच कर्णबधिर आहे). त्या यंत्रातून निघणाऱ्या चिरक्या आवाजाने ते प्राणी वेडेपिसे होतात, कवच उघडतात, आणि मग बंदूक चालते. म्हणजे माइक शिट्टी मारतो तो आवाज. मंडळी, आपल्याकडच्या कुठल्याही वार्षिक स्नेहसंमेलनात "हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग"ला त्या प्राण्यांची अख्खी फौज गारद झाली असती. हा मुद्दा ग्राह्य धरून भाच्याने दोन मार्क कमी केले.

आता टायटन. हाजिमे इसायामाची मांगा, २००९ ते २०२१, आणि त्यावरचं ॲनिमे २०१३ ते २०२३. उरलीसुरली माणसं एकात एक अशा तीन गोल भिंतींच्या आत राहतात. बाहेरून आत मारिया, रोझ आणि सीना. भिंती पन्नास मीटर उंच, बाहेर नागडे अवाढव्य टायटन. त्यांना भूक नसतेच. खाल्लेली माणसं पचतही नाहीत, पोट भरलं की ओकून टाकतात. ऊर्जा उन्हातून मिळते म्हणून रात्री बहुतेक ढिम्म. पहिल्याच भागात साठ मीटरचा एक टायटन येऊन बाहेरच्या भिंतीचं फाटक लाथेने फोडतो.

इथे मात्र झोपेत मार्क चांगले. घोरा खुशाल. तीन भिंती म्हणजे आमच्या भाषेत बॅकअपला बॅकअप. फक्त जागेचे भाव बघून घ्यावेत. सीनाच्या आत सरदार-दरकदार आणि राजा. जसजसं बाहेर यावं तसतशी गरिबी. आणि भिंतींना बाहेरच्या बाजूने फुगवटा आल्यासारखी छोटी गावं आहेत, त्यातलंच शिगानशिना, हीरोचं गाव. ही गावं तिथे का आहेत? टायटन माणसांच्या गर्दीकडे ओढले जातात. एवढ्या लांब भिंतीवर सगळीकडे पहारा ठेवणं परवडत नाही. म्हणून ठरावीक ठिकाणी माणसं बाहेर काढून वसवायची, म्हणजे टायटन तिथेच गोळा होतात आणि पहाराही तेवढाच लागतो. सरळ भाषेत, गळाला लावलेलं आमिष. वर तिथे राहणाऱ्यांना धाडसी म्हणून मान. मला हे बघताना शहराबाहेरच्या टाउनशिपच्या जाहिराती आठवल्या. असो.

तरी बेरीज केल्यावर क्वाएट प्लेस ५८, टायटन ४६. प्रश्न मिटला. मी लॅपटॉप बंद करणार तेवढ्यात आई चहा घेऊन आली. ती मघापासून सगळं ऐकत होती.

"आणि बकासुर कुठे बसतो तुमच्या यात?"

भाचा म्हणाला, "आजी, त्याला तर भीमाने मारलं."

"भीम यायच्या आधी काय होतं ते सांग ना."

मग तिने सांगितलं. एकचक्रा नगरी. आठवड्याच्या गोष्टीत बकासुर जंगलात बसून लोकांना खातो एवढंच आपण ऐकलेलं असतं. पण महाभारतातल्या आदिपर्वात तो चक्क करार आहे. बकासुर त्या प्रदेशाचं रक्षण करतो, दुसरे शत्रू येऊ देत नाही. राजा आहे, पण कुचकामी. रक्षणाची किंमत म्हणून गाडाभर भात, दोन रेडे आणि गाडा घेऊन जाणारा माणूस. दर घराची पाळी ठरलेली, काही वर्षांनी एकदा येणारी. चुकवायचा प्रयत्न केला तर बायकापोरांसकट मरण. पांडव ज्या ब्राह्मणाकडे उतरलेले असतात त्याची पाळी येते, तेव्हा तो रडताना म्हणतो की विकत माणूस घ्यायला माझ्याकडे पैसा नाही. म्हणजे ज्यांच्याकडे होता ते घेत असणार! बायकोला म्हणतो, मी पूर्वीच दुसरीकडे जाऊ म्हणत होतो, तूच ऐकलं नाहीस, म्हणे माझा जन्म इथलाच. (आईने इथे माझ्या बायकोकडे पाहिलं नाही, पण पॉज घेतला.) मग नवरा, बायको, मुलगी प्रत्येकजण मी जातो, मी जाते करतात, आणि बोबडं बोलणारा लहान मुलगा गवताची काडी उचलून म्हणतो, ह्याने मी राक्षसाला मारतो.

"ते घर रडत होतं," आई म्हणाली, "पण शेजारच्या घरात त्या दिवशी काय चाललं असेल? स्वयंपाकच ना?" आणि कप उचलून गेली.

भाचा उठून बसला. "मामा, हे तर ८४६ आहे."

मला ते आठवायला जरा वेळ लागला. टायटनच्या कथेत ८४५ साली मारिया पडते. लाखो निर्वासित आतल्या भिंतीत येतात आणि धान्य पुरत नाही. मग पुढच्या वर्षी सरकार मोहीम काढतं, गेलेली जमीन परत मिळवायची. लढाई न शिकलेले अडीच लाख लोक, मुख्यतः निर्वासित, बाहेर पाठवले जातात. एकूण लोकसंख्येच्या वीस टक्के. शंभरावर थोडेच परत येतात. त्या हीरोच्या मित्राचा आजोबाही त्यात जातो. कथेत हा प्रसंग मिनिटभरात उरकलाय. पुढे मोठमोठ्या लढाया आहेत, त्यामुळे कोणाला तो फारसा आठवतही नाही. धान्य मात्र त्यानंतर पुरतं.

अडीच लाख लोकांची यादी कोणीतरी केली असणार ना. टायटनांनी नाही केली. टायटनांना वाचताही येत नाही. एखाद्या कचेरीत कारकुनाने बसून केली असणार. कॉलम असतील. वय, काम, कुठून आला.

मला हे कॉलम माहीत आहेत. २०२३ च्या सुरुवातीला, मी तेव्हा ज्या कंपनीत होतो तिथे, वरून निरोप आला की टीममधली दोन नावं द्या. अकरा जणांची टीम. शुक्रवार संध्याकाळपर्यंत. मी एक्सेल केलं. कामाचा वेग, नवीन काय बनवलं, क्लायंटसमोर किती दिसतो, वगैरे. प्रत्येकाला वजन. पहिल्या बेरजेत खाली आलेलं एक नाव मला नको होतं, तो माझा मित्र होता. म्हणून मी दोन कॉलमची वजनं थोडी हलवली. थोडीच. मग खाली दुसरा आला. सांगलीकडचा मुलगा, शांत, कधी तक्रार नाही. त्याने वर्षभरात नवीन काहीच बनवलं नव्हतं, कारण तो एक जुनाट मॉड्यूल सांभाळत होता, जे कोणालाच नको होतं. त्याला तिथे टाकलं होतं मीच. "तूच करू शकतोस" असं म्हणून.

त्याला कळलं त्या दिवशी आम्ही बाकीचे जेवायला गेलो. कोणी फार बोललं नाही, पण जेवलो सगळे. आणि माझ्या वरच्या साहेबाच्या यादीत माझं नाव नव्हतं हे कळल्यावर मला जे वाटलं होतं, त्याला हुश्श यापलीकडे दुसरा शब्द नाही. घरी येताना मी मिठाई घेतली होती. का ते बायकोला सांगितलं नाही.

तर भाच्याला मी म्हटलं, माझं मत बदललं. क्वाएट प्लेसमध्ये मी दोन दिवसांत मरेन, कबूल. पण तिथे राक्षस राक्षसासारखा बाहेर आहे. कोणाला पुढे करायचं हे कोणी कोणाला विचारत नाही. तिथला बाप शेवटी काय करतो, मुलं गाडीत अडकलेली असताना स्वतःच मोठ्याने ओरडतो, म्हणजे ते प्राणी त्याच्याकडे येतील. भिंतीच्या आत मी जगेन. मरणार नाही, चांगला जगेन, रोझच्या आत टू बीएचके असेल, कचेरीत नोकरी असेल, आणि दर वेळी दुसऱ्याच्या दारातून गाडा निघेल. मला ते जग जास्त वाईट वाटतं.

"पण मामा, जिवंत राहशील ना," भाचा म्हणाला. "मग ते बरं जग झालं की."

सतरा वर्षांच्या माणसाशी यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्याचं म्हणणं चूक आहे असं मला सिद्धही करता येणार नाही. बकासुराच्या गावातलेही हेच म्हणत असतील, आणि वर्षानुवर्षं म्हणत असतील.

तो सांगलीकडचा मुलगा आता बंगळुरात आहे, चांगला चाललाय. दिवाळीला त्याचा मेसेज येतो, अजून "सर" लिहूनच. मी उलट शुभेच्छा पाठवतो. मॉड्यूलचा विषय मी कधी काढलेला नाही. त्यानेही नाही.

रविवारी संध्याकाळी निघायच्या आधी भाच्याने माझा लॅपटॉप उघडून त्या एक्सेलमध्ये नववा कॉलम टाकला. नाव दिलं "यादी". टायटनला दहा, क्वाएट प्लेसला शून्य. मग बेरीज बघून हसायला लागला.

"मामा, तरी क्वाएट प्लेसच पुढे आहे. अठ्ठावन्न, छप्पन्न. या कॉलमचं वजन वाढवू का?"

म्हटलं, नको. आहे तसं राहू दे.